विजयननं खाकी सोडली, मग आमच्या पोरानं का धरावी?

प्रश्न : माझा मुलगा कोल्हापुरात एका तालमीच्या संघातून स्ट्रायकर खेळतो. खेळाडू कोट्यातून पोलीस भरतीची संधी आहे. पण तो म्हणतो, "आय. एम. विजयननं पोलिसातली नोकरी सोडलीच की!" घरात रोज वाद होतो. त्याला काय सांगू?
– एक आई, कोल्हापूर

उत्तर : ताई, पोरानं उदाहरण झकास काढलंय, पण अर्धंच सांगितलंय.

विजयन म्हणजे भारताचा नावाजलेला स्ट्रायकर, केरळातल्या त्रिशूरचा. वडील लवकर गेले. पोरगा म्युनिसिपल स्टेडियममध्ये बाटलीमागे दहा पैशांवर सोडा विकायचा. १९८७ मध्ये केरळ पोलिसांच्या संघात आला, ते पोट भरायला हे खरं. पण तो संघ काही साधा नव्हता! व्ही. पी. सत्यन, शराफली, पाप्पच्चन अशी माणसं त्यात होती. १९९० च्या फेडरेशन कपच्या, म्हणजे देशभरच्या संघांच्या स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात त्यांनी गोव्याच्या साळगावकरला हरवलं आणि पुढच्या वर्षीही कप नेला. म्हणजे वर्दीतच त्याला देशातला वरच्या दर्जाचा फुटबॉल मिळाला. कोलकात्याच्या मोहन बागान क्लबनं बोलावलं ते हा खेळ पाहून. १९९१ ला तो गेला, वर्षभरात पोलिसांकडे परतला, पुन्हा गेला. मग पंजाबातल्या फगवाड्याचा जेसीटी क्लब. तिथं बायचुंग भुतियाबरोबर पहिली राष्ट्रीय लीग जिंकली. १९९९ च्या सॅफ म्हणजे दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत भूतानविरुद्ध बाराव्या सेकंदाला गोल! लोक नीट बसलेही नसतील.

आता उरलेलं अर्धं. विजयन ज्या एफसी कोचीनकडून खेळला, तो क्लब काही वर्षांत बंद पडला. जेसीटीचा संघ २०११ मध्ये मोडला. आपल्या मुंबईचा महिंद्रा युनायटेड त्याच्या एक वर्ष आधीच गेला. विजयन मात्र खेळ थांबल्यावर पुन्हा केरळ पोलिसात रुजू झाला आणि २०२५ मध्ये डेप्युटी कमांडंट म्हणून निवृत्त झाला. त्याच वर्षी पद्मश्रीही मिळाली.

म्हणून 'नोकरी की फुटबॉल' हा वाद मला फोल वाटतो. मी रेफरी म्हणून पोलीस संघांचे बरेच सामने घेतलेत. काहींचा सराव रोज पहाटे असायचा, तर काहींचा स्ट्रायकर रात्रभर बंदोबस्त करून थेट मैदानात यायचा. पहिल्या अर्ध्या तासातच त्याचे पाय बोलायचे. तेव्हा मुलाला घेऊन पोलीस संघाच्या प्रशिक्षकांना गाठा. भरतीनंतर संघात घेणार का, वर्षाकाठी कुठल्या स्पर्धा खेळता, सरावासाठी ड्युटीतून सूट मिळते का, बाहेरच्या क्लबनं बोलावलं तर परवानगी देता का, हे स्पष्ट विचारा. आणि पोरालाही विचारा : कुठल्या क्लबनं बोलावलंय? हातात करार आहे, की फक्त कुणीतरी "बघू" म्हणालंय? करार असेल तर मला दाखवा, मी वाचून देतो. नसेल तर भरतीचा अर्ज भरून टाका. क्रीडा प्रमाणपत्रांच्या पडताळणीलाच फार वेळ जातो.