रिकामा डबा परत द्यायचा नाही

प्रिय चिऊ,

परवा रात्री भांडी पुसताना तू विचारलंस, "बाबा, आपल्या घरात कुणी कुणाला थँक यू म्हणतच नाही, मग आपण थँक्सगिव्हिंग कशाला करतो?" आणि लगेच पुढचं, "पडद्यावर माझा घारगा कोण खाणार आहे? मी पण सरळ पम्पकिन पायच दाखवते." मी "बघू" म्हणालो आणि ओट्याकडे वळलो. थँक्सगिव्हिंगला, म्हणजे अमेरिकेतल्या या आभाराच्या सणाला, तुम्ही मैत्रिणींनी झूमवर पॉटलक ठरवलंय: प्रत्येकीने आपापल्या घरी एक पदार्थ करायचा आणि पडद्यावर दाखवायचा. पहिला प्रश्न मला लागला, म्हणून लिहूनच सांगतो. वाचून झाल्यावर पायच (भोपळ्याचं गोड सारण भरून भाजतात तो) करायचा ठरलं तर पायच कर, त्यात मला काही म्हणायचं नाही.

आपल्याकडे आभार हा शब्द सभेत असतो. कार्यक्रमाच्या शेवटी आभारप्रदर्शन होतं, औपचारिक पत्राच्या शेवटी "आपला आभारी" असतं. घरात तो शब्द परका वाटतो. आईने पानात पोळी वाढली आणि मुलाने "धन्यवाद" म्हटलं, तर ती "काय झालं रे तुला?" असंच विचारेल. पण परतफेड नसते असं नाही. साताऱ्याला आमच्या वाड्यात शेजारच्या काकूंकडून विरजणाला दही आणलं, की ती वाटी धुऊन परत जायची आणि तळाशी चार दाणे साखर असायची. डब्यातून कुणाचे लाडू आले, तर डबा परत जाताना त्यात निदान मूठभर चिवडा. रिकामं भांडं परत द्यायचं नाही, हा नियम आम्हाला कुणी बसवून शिकवला नाही. वाटी हातात द्यायच्या आधी आजी डब्यातली साखर चिमटीने घालायची, ते बघूनच कळलं. जेवण झाल्यावर जुनी माणसं "अन्नदाता सुखी भव" म्हणत, आणि पाहुणा निघताना "जातो" न म्हणता "येतो" म्हणे. आभार त्यातच आले.

असं मी तुला सांगतो, पण मला स्वतःला ते पूर्ण पटत नाही. वाटीत साखर घालणारी बाईच, लाडू वळणारीही बाईच, आणि पंगत उठल्यावर शेवटी जेवणारीही तीच. तिला कुणी तोंडाने काही म्हटलं का? तुझ्या आजीला आम्ही कधी म्हटलं नाही. मनात असतं, मग बोलायचं कशाला, हे म्हणणं जेवणाऱ्याला फार सोयीचं आहे. तुझा प्रश्न लागला तो इथे.

आता पॉटलक. हा प्रकार आपल्याला नवा नाही. आम्ही त्याला अंगत-पंगत म्हणायचो. शाळेत ठरलेल्या दिवशी सगळ्यांचे डबे मध्ये उघडायचे, गोल बसायचं आणि प्रत्येकाच्या डब्यातलं प्रत्येकाने घ्यायचं. त्याच्याही मागे गोपाळकाला आहे. प्रत्येक गोपाळाच्या शिदोरीतलं एकत्र कालवून सगळ्यांनी मिळून खायचं. पंढरपूरची आषाढी वारीसुद्धा पौर्णिमेला गोपाळपूरच्या काल्याने संपते. काल्यात कुणाचं काय होतं ते वेगळं काढता येत नाही. तुमच्या पडद्यावरच्या पॉटलकमध्ये नेमकं हेच होत नाही, आणि तू ते बरोबर पकडलंस.

तरी घारगा परका म्हणून सोडू नकोस. लाल भोपळा मुळात याच खंडातला. मिरची, बटाटा, रताळं, शेंगदाणा, साबुदाण्याचा कंद, सगळे इथले, पोर्तुगीज आल्यानंतर हळूहळू आपल्याकडे रुजलेले. आजीचं उपासाचं ताट जवळजवळ सगळं अमेरिकेचं आहे. भोपळ्याचा इथे पाय झाला, तिकडे घारगा झाला, एवढाच फरक. (या सणाची दुसरी बाजूही लक्षात असू दे. मॅसॅच्युसेट्समधल्या ज्या गावाशी या सणाची गोष्ट जोडलेली आहे, त्या प्लिमथला १९७० पासून मूळ रहिवासी याच दिवशी शोकदिन पाळतात. कुणी मैत्रिणीने तो विषय काढला, तर घाईने बदलू नकोस.)

घारग्याला भोपळा कोणता हे आधी बघ. हॅलोविनला कोरतात तो नको, त्याला पाणी फार आणि रेषा फार. आपल्या लाल भोपळ्याच्या सगळ्यात जवळचा बटरनट स्क्वॉश. दोन पौंडांचा एक पुरून उरतो. डब्यातला गर घ्यायची वेळ आलीच, तर डब्यावर नुसतं पम्पकिन लिहिलेलं आहे ना ते वाच. शेजारीच पाय फिलिंगचा डबा असतो. त्यात साखर आणि मसाला आधीच घातलेला असतो, त्याचे घारगे होत नाहीत.

बटरनट सोलून किसून दोन कप कीस घे. चमचाभर तुपावर झाकण ठेवून पाच-सहा मिनिटं वाफव, मग एक कप चिरलेला गूळ घाल. गूळ विरघळला की गॅस बंद. इथे बहुतेकांचं चुकतं. मिश्रण उकळत ठेवलं की गुळाचा पाक होतो आणि घारगे दुसऱ्या दिवशी कडक होतात. कोमट झालं की त्यात चिमूटभर मीठ, अर्धा चमचा वेलची-जायफळ, दोन मोठे चमचे तांदळाचं पीठ आणि एक मोठा चमचा कडकडीत तेलाचं मोहन. कणीक आधी दीड कपच घाल, पुढची हाताला लागेल तशी. साधारण दोन कप जाते, भोपळा ओला असला तर थोडी जास्त. पाण्याचा थेंबही नको. गोळा पुरीच्या कणकेइतका घट्ट हवा.

मळून झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. गुळाला पाणी सुटतं, गोळा सैल पडतो, मग आपण घाबरून वरून कणीक घालतो आणि गोडी जाते. म्हणून आधी तेल तापत ठेवायचं आणि मग थापायला बसायचं. तेलाचा हात लावलेल्या प्लॅस्टिकवर तीन इंचांचा घारगा थाप, जाडी पाव इंचाला थोडी कमी. पुरीसारखा पातळ केला तर मऊ राहत नाही. वरून खसखस दाबून बसव. इथल्या दुकानातली खसखस निळसर काळी असते, पांढरी भारतीय दुकानात मिळते. तेल ३४० फॅरनहाइटच्या आसपास ठेव. जास्त तापलं तर गूळ बाहेरून काळा पडतो आणि आत पीठ कच्चं राहतं. कमी तापलं तर घारगा तेल पितो. सोडल्यावर झाऱ्याने हलकं दाबलं की फुगतो. एवढ्यात वीसेक होतात आणि डब्यात तीन-चार दिवस चांगले राहतात. तळताना मी शेजारी उभा असेन. त्यावर वाद नको.

पडद्यावर दाखवायचं म्हणजे वेगळंच काम आहे. घारगा तपकिरी, आपलं जेवणाचं टेबलही तपकिरी, म्हणजे कॅमेऱ्यात काही दिसणारच नाही. पांढऱ्या ताटलीत ठेव. दिवा समोर हवा, पाठीमागे खिडकी किंवा बल्ब असला तर ताटली काळी दिसते. आणि एक घारगा कॅमेऱ्यासमोर हळू मोड. आतला केशरी रंग आणि वर येणारी वाफ दिसली, की तुझ्या मैत्रिणी स्वतःच विचारतील हे काय आहे म्हणून. मागे खोटी पार्श्वभूमी किंवा धूसरपणा लावू नकोस. संगणक माणसाची कड ओळखायला बघतो, हातातली ताटली त्याला कळत नाही आणि तो ती अर्धी खाऊन टाकतो.

तुम्हाला ताट एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत सरकवायचा खेळ खेळायचा आहे ना, त्यात दोन अडचणी आहेत. पहिली, झूमवर चौकटींचा क्रम प्रत्येकीच्या पडद्यावर वेगळा असतो. जिने मीटिंग सुरू केली तिने चौकटी ओढून लावायच्या आणि सगळ्यांना तोच क्रम दिसेल अशी निवड करायची. हे संगणकावर बसून करा. दुसरी, स्वतःचं चित्र आपल्याला आरशासारखं दिसतं. तू उजवीकडे दिलेलं ताट बाकीच्यांना डावीकडे गेलेलं दिसतं. व्हिडिओच्या सेटिंगमध्ये आरशाची खूण काढा, सगळ्यांनी. मग ताट देणाऱ्या हाताचं आणि घेणाऱ्या हाताचं जमतं. आवाजावरून पदार्थ ओळखायचा असेल, तर पार्श्वभूमीचा आवाज दाबायची सोय सगळ्यात कमीवर ठेवा. नाहीतर कुरकुरीचा आवाज ती गोंगाट समजून गाळून टाकते. फोनवरून वरून दिसणारा दुसरा कॅमेरा जोडलास, तर त्या फोनचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद, नाहीतर किंचाळल्यासारखा आवाज येतो.

फुकटची मीटिंग ४० मिनिटांत तुटते. तुम्ही चार मैत्रिणी आणि आजी, म्हणजे पाच चौकटी. प्रत्येकीला सहा मिनिटं दिलीत तर खेळाला दहा उरतात. आणि पंगतीतला एकच नियम घ्या असं मी सुचवेन: शेवटच्या पानात वाढून होईपर्यंत कुणी घास घ्यायचा नाही. बाकी तुमचं तुम्ही ठरवा.

वेळ मात्र बुधवारी रात्री ठेवा. गुरुवारी दुपारी सगळ्यांच्या घरी टर्की ओव्हनमध्ये असते आणि मैत्रिणींच्या गावांपैकी सिअ‍ॅटल आपल्या तीन तास मागे. बुधवारी आपले रात्रीचे आठ, तेव्हा तिथे पाच, डॅलसला सात. पायही त्याच संध्याकाळी भाजून होतात. नोव्हेंबरमध्ये आपल्यात आणि भारतात साडेदहा तासांचं अंतर असतं, म्हणजे आजीकडे गुरुवारची सकाळ, साडेसहा. ती चहाला बसलेलीच असते.

आता तुझा दुसरा प्रश्न, पडद्यावर कोण खाणार. एक घास तरी सगळ्यांच्या तोंडात एकाच वेळी एकसारखा पडू शकतो. त्यासाठी शंकरपाळी पोस्टाने पाठवू. घारगे नकोत. पोस्टात चार दिवस गेले, तर ते पोचेपर्यंत उतरायला लागतात. चिवडाही नको, त्यात शेंगदाणे आहेत. कुणाला कशाची अ‍ॅलर्जी आहे ते या आठवड्यातच विचार, गहू आणि दूधसुद्धा. दिवाळीतली उरलेली पाठवायची नाहीत, तुपाला जुना वास येतो. एक वाटी तूप, एक वाटी दूध, एक वाटी साखर आणि मावेल तेवढा मैदा, हे माप तुला पाठ आहे. तूप वाटीभरच, त्यावर चमचाही नको, नाहीतर शंकरपाळी तेलात विरघळतात. तळून पूर्ण गार झाल्यावरच पिशवीत भर. कोमट भरलीस तर आत दमट होऊन सादळतात. पिशवी पाकिटात नको, लहान खोक्यात घाल आणि मोकळ्या जागेत कागद कोंब. पाकीट छाटणीच्या यंत्रात दाबलं जातं आणि पोचतो तो चुरा. आदल्या आठवड्याच्या गुरुवारी खोकी टपालात पडली, तर बुधवारपर्यंत सगळीकडे पोचायला हरकत नाही. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी टपाल बंद असतं. खोक्यात चिठ्ठी ठेव: बुधवारपर्यंत उघडू नका, आणि खोकं रिकामं परत पाठवू नका. त्यांनी काय भरून पाठवायचं ते त्यांच्यावर सोड. एका गावची शंकरपाळी जाऊन दुसऱ्या गावचं काही परत आलं, की तुमचा काला झाला.

शेवटी प्रत्येकीने एक आभाराची गोष्ट सांगायची, असं तुमचं ठरलंय. त्यात "धन्यवाद" म्हणच असं मी सांगणार नाही. तो शब्द तुझ्याही तोंडी पुस्तकी वाटेल. पण मराठीत "तुझ्यामुळे" म्हणता येतं. "आजी, तुझ्यामुळे घारगे जमले." एवढंच. आजी "चल, काहीतरीच" म्हणून विषय बदलेल, आणि पाच मिनिटांनी खसखस नीट दाबली होतीस का ते विचारेल. मला तिला हे कधी सांगता आलं नाही. तुला आलं तर मी शेजारी बसून ऐकेन, मध्ये बोलणार नाही.

बटरनट शनिवारी आणतो. सुरीची धार गेली आहे, म्हणून सोलायचं माझ्याकडे, किसायचं तुझ्याकडे. वेलची आज रात्रीच सोलून ठेव. आणि आजीला वेळ तूच फोन करून सांग, तिच्या घड्याळातली. मी सांगितली तर तिला वाटेल मीच तुला बसवलंय.

तुझा
बाबा