उभं विमान जास्त सडतं: जुन्या लष्करी विमानांबद्दल तुमचे प्रश्न

हवाई दलाच्या मिग-२१ या लढाऊ विमानाला २६ सप्टेंबर २०२५ ला चंदिगडला निरोप दिला तेव्हापासून लोक मला एकच विचारायलेत, जुनी विमानं उडती का ठेवत नाहीत. मी हवाई दलात एअरफ्रेमचा, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचा माणूस, पायलट नाही, त्यामुळं वरून कसं दिसतं ते विचारू नका. पाना हातात घेऊन खालून जे दिसलं तेवढं सांगतो.

चौथऱ्यावर बसवलेलं मिग परत उडवता येईल का? (परभणी)

नाही. इंजिन आणि कामाचं सामान बहुतेक वेळा आधीच काढलेलं असतं.

जुन्या पिस्टन इंजिनात पंपावरचं पेट्रोल चालतं असं ऐकलं. (बीड)

कुणाकडून ऐकलं? आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं आणि जुनं रबर खातं. इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच, आणि शंका असली तर लायसन्सवाल्या इंजिनिअरला विचारा, ग्रुपवर नाही.

इंग्लंडात लोकवर्गणीतून बॉम्बर उडवलं. आपण वर्गणी काढली तर मिग नाही का उडणार? (जालना)

ते व्हल्कन जातीचं बॉम्बर, नंबर एक्सएच५५८. २००७ ला परत उडालं आणि ऑक्टोबर २०१५ ला कायमचं खाली बसलं. लोक तेव्हाही पैसे द्यायला तयार होते, पण तांत्रिक जबाबदारी घेणाऱ्या कंपन्यांनी हात काढून घेतला, कारण ते विमान कळणारी माणसं कमी होत चालली होती. पैसा नंतर संपतो, आधी सही करणारा संपतो. मिगचं असंच समजा, नाशिकजवळ ओझरला विमान आणि कोरापुटला इंजिन बनायचं, पण ओव्हरहॉलचे जिग (भाग पकडून ठेवायचे साचे) आणि टेस्ट बेड (इंजिन चालवून तपासायची जागा) एकदा मोडले की वर्गणीतून ते उभे राहत नाहीत. हवाई दलाचा डाकोटा 'परशुराम', जुनं मालवाहू विमान, दुरुस्त होऊन २०१८ ला आला तो वेगळा मामला, ती विमानं दहा हजारांवर बनली त्यामुळं सुटे भाग मिळतात, आणि केबिनमध्ये हवेचा दाब भरत नाहीत म्हणून बॉडीला तो ताणच नाही.

आम्ही चौघं मित्र जुनं ट्रेनर विमान घेणार आहोत. वर्षात १० तासच उडवू, मधे दर रविवारी पाच मिनिटं स्टार्ट करू. आपल्याकडं हवा कोरडी, म्हणजे पन्नास वर्षं टिकेल ना? (लातूर)

हेच, हेच मला रोज ऐकावं लागतं! विमानाचं वय तीन हिशोबांनी मोजतात, किती तास उडालं, किती वेळा उतरलं आणि कॅलेंडरवर किती वर्षं गेली, आणि तुम्ही त्यातला एकच धरलाय. रबरी सील, होज, टायर हे उभ्याउभ्याच म्हातारे होतात. पाच मिनिटं स्टार्ट करणं तर न करण्यापेक्षा वाईट, तेल नीट तापत नाही, जळालेल्या इंधनातून झालेलं पाणी आतच राहतं आणि कॅमशाफ्टला गंज धरतो. गोल रेडियल इंजिन, म्हणजे सिलिंडर गोलाकार बसवलेलं, असेल तर उभं असताना खालच्या सिलिंडरमध्ये तेल उतरतं, प्रोपेलर हातानं फिरवून न बघता स्टार्टर दाबला की कनेक्टिंग रॉड वाकलाच म्हणून समजा. कोरड्या हवेचं म्हणाल तर अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात विमानं ठेवतात ते खरंय, पण आपल्याकडं उन्हाळ्यात रबर भाजून निघतं आणि मग जून ते सप्टेंबर सगळं दमट, शिवाय कुंभारीण माशी पिटो ट्यूबमध्ये, म्हणजे वेग मोजायच्या नळीत, मातीचं घर करते आणि पायलटला स्पीड चुकीचा दिसतो. जपून ठेवण्यातही घात होतो बरं का. त्याच व्हल्कनच्या हवेच्या वाटेत २०१२ ला ओल शोषायच्या सिलिका जेलच्या पिशव्या राहून गेल्या आणि दोन इंजिनं एकदम गेली. घेण्याआधी इंजिनिअरकडून लॉगबुक वाचून घ्या, डीजीसीएचे (नागरी विमानांवर देखरेख करणारं सरकारी खातं) नियम विचारा, आणि वर्षभर नियमित उडवायची ऐपत नसेल तर घेऊच नका.

माझं वाळूजला सीएनसी शॉप आहे. सॅम्पल द्या, हुबेहूब पार्ट बनवून देतो.

माप जमेल, त्यात शंका नाही, वाळूजची पोरं हुशारच आहेत. पण धातू कोणता, हीट ट्रीटमेंट कुठली, हे सॅम्पल बघून कळत नाही, आणि मान्यतेचा कागद नसलेला पार्ट विमानात बसत नाही. आधी मान्यतेचं विचारा, मशीन नंतर लावा.

एकजण 'न वापरलेले, सीलबंद' जुने हायड्रॉलिक होज निम्म्या भावात द्यायलाय. घेऊ का? उद्यापर्यंतच ऑफर आहे. (नांदेड)

उद्यापर्यंत आहे म्हणूनच घेऊ नका. सीलबंद म्हणजे ताजं नसतं, रबर पाकिटातही कडक होतं. होजवर बनवल्याची तारीख छापलेली असते, तिचा फोटो मागा. दिला तर इंजिनिअरला दाखवा. नाही दिला तर नंबर ब्लॉक करा.