‘चल, समुद्रावर जाऊ!’ म्हटलं की पोटात गोळा का येतो?

प्रश्न असा असतो : “शनिवारी रात्री अकरा वाजता नवरा म्हणतो, उद्या पहाटे निघू, दिवेआगरला जाऊन येऊ. मला समुद्र आवडतो, दोघांनीच कुठे जायलाही आवडतं. तरी पोटात गोळा येतो. कुरकुरत निघते आणि परतताना गाडीत भांडण ठरलेलं. मीच मूड घालवणारी आहे का? की आमचे स्वभावच जुळत नाहीत?”

समुपदेशनाला येणाऱ्या तिशी-चाळिशीतल्या जोडप्यांकडून हे वारंवार ऐकायला मिळतं. पुढची हकिगत कुणा एकाची नाही. अशा अनेक जोडप्यांत जे सारखं दिसतं ते एकत्र करून मांडली आहे. दोघं पुण्यात नोकरी करणारी, घरी नवऱ्याची आई आणि सहा वर्षांचा मुलगा. नवऱ्याचं म्हणणं, “हिला कशातच उत्साह नाही.” तिचं म्हणणं, “ह्याला कशाची काळजीच नाही.”

अशा वेळी स्वभावाची चर्चा बाजूला ठेवलेली बरी, कारण ती दोषारोपातच संपते. त्याऐवजी दोघांना वेगवेगळे कागद द्यायचे. मागच्या सहलीचे तास एकाखाली एक लिहायचे आणि प्रत्येक तासापुढे आपला ताण शून्य ते दहा आकड्यांत मांडायचा. एकमेकांच्या कागदात बघायचं नाही.

त्याच्या कागदावर दुपारी चारपर्यंत एक-दोन, आणि साडेसहाला माणगावच्या कोंडीत एकदम आठ. तिच्या कागदावर पहाटे साडेपाचलाच सहा. गाडी पुण्यातला चांदणी चौकही ओलांडलेली नव्हती! पण तोवर तिने सासूबाईंच्या गोळ्या डबीत भरल्या होत्या, स्वयंपाकाच्या मावशींना निरोप दिला होता, मुलाचा डबा आणि सोमवारचा गणवेश पाहिला होता, टॉवेल-कपडे भरले होते. त्याने पेट्रोल आणि गाणी पाहिली होती. त्याचा उत्साह खोटा नव्हता, पण त्या एका ‘चल’मागची सगळी कामं तिच्या वाट्याला येत होती, आणि ती त्याला दिसतच नव्हती. आमच्या मते भांडणाचं मूळ इथे आहे, स्वभावात नाही.

म्हणून पहिला बदल कामांच्या वाटणीत. आईला सांगणं, तिच्या गोळ्या आणि मुलाची सोय हे ज्याने ‘चल’ म्हटलं त्याने करायचं. ‘मदत’ म्हणून नाही, संपूर्ण जबाबदारी म्हणून; बायकोला विचारत विचारत केलं तर तिचं डोकं मोकळं होत नाही. दुसरं, डिकीत एक पिशवी कायम तयार ठेवायची : दोन टॉवेल, कपड्यांचा एकेक जोड, पाच लिटर पाणी, बिस्किटं, टॉर्च, मोबाइलचा चार्जर, प्रथमोपचाराची डबी आणि दोन हजार रुपये रोख, कारण रेंज गेली की यूपीआय चालत नाही. घाटात मळमळणाऱ्याने गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी. त्या गोळ्यांनी झोप येते, त्यामुळे गाडी चालवणाऱ्याने त्या घेऊ नयेत.

परतीची वेळ हा खरा कळीचा मुद्दा आहे. पुण्याहून ताम्हिणी घाटामार्गे दिवेआगर सुमारे १६० किलोमीटर, न थांबता चार ते साडेचार तास. साडेपाचला निघालं तर नाश्ता धरून साडेदहापर्यंत पोहोचता येतं. दुपारी तीनला किनारा सोडला तर साडेचारच्या सुमारास माणगाव पार होतं आणि उजेडात घाट चढता येतो. पाचला निघालं की रविवार संध्याकाळची मुंबई-गोवा महामार्गाची गर्दी माणगावात गाठते, ताम्हिणी अंधारात येतो, फोनला रेंज मिळेनाशी होते आणि घरून आईचा फोन लागत नाही. दर वेळी ‘चला आता’ म्हणायचं काम बायकोवरच पडत असे, आणि म्हणून ती मूड घालवणारी ठरत असे. परतीची वेळ निघण्यापूर्वीच दोघांनी ठरवावी आणि अडीचचा गजर त्याच्या फोनवर लावावा.

भरतीचाही हिशेब आधीच करावा. कोकणात जुना ठोकताळा आहे : तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, म्हणजे नऊच्या सुमारास ओहोटी. पाण्यात उतरण्याआधी मात्र गावकऱ्यांना विचारावंच, आणि पावसाळ्यात उतरूच नये. गाडी वाळूत नेऊ नये. चाकं रुततात, तेवढ्यात भरती येते, आणि मग जे बोलणं होतं ते वर्षभर पुरतं. घरगुती खानावळीत ताटं आधी फोन करून सांगावी लागतात. दोन वाजता उपाशीपोटी जागा शोधत हिंडणं हे भांडणाचं दुसरं मोठं ठिकाण.

इतकं करूनही गाडीत तोंडं वाजलीच तर? विवाहसंबंधांचे अभ्यासक जॉन गॉटमन यांनी दाखवलं आहे की वादात नाडीचे ठोके मिनिटाला शंभरावर गेले की समोरच्याचं म्हणणं डोक्यात शिरत नाही, आणि शरीर शांत व्हायला निदान वीस मिनिटं लागतात. म्हणून वळण सोडून सुरक्षित जागी गाडी थांबवावी, चहा घ्यावा, वीस मिनिटं तो विषय बंद. सासर-माहेर, पैसे हे विषय घाटात काढूच नयेत.

एक फरक ओळखायला हवा. ‘नाही’ म्हणायचीच भीती वाटत असेल, रागात गाडी मुद्दाम वेगात हाकली जात असेल, तर तो सहलीचा प्रश्न नाही. महिलांसाठी १८१ या क्रमांकावर मदत मिळते. सहल कुठलीही असो, छातीत धडधड, श्वास अडकणं, बाहेर पडणंच टाळणं असं होत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोलावं.

आणि पहिला प्रयोग समुद्राचा नको. सकाळी सातला निघून मुळशी धरणापर्यंत जावं, बाराला घरी परत. पिशवी, गजर, आईला सांगणं हे सगळं तेवढ्यातही तपासून होतं. त्या दिवशी पुन्हा कागद भरावेत. तिचा निघतानाचा आकडा सहावरून तीनवर आला, तर पुढच्या महिन्यात दिवेआगर. सहावरच राहिला, तर कोणतं काम अजून तिच्याच डोक्यात आहे ते आधी शोधावं.