खारी, नूडल्स आणि पाकिटावरचे आठ टक्के

रक्तदाबावर लिहिलं की सैंधवाची पत्रं ठरलेली. यावेळीही आली, म्हणून आधी ती.

प्रश्न : सैंधव मीठ बीपीला चालतं ना? (सातारा)

नाही. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच, आणि त्यात बहुधा आयोडीनही घातलेलं नसतं.

प्रश्न : दिवसाला मीठ किती? (लातूर)

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी 5 ग्रॅमपेक्षा कमी सांगते. म्हणजे भाजी, आमटी, पाव, फरसाण सगळं धरून छोटा सपाट चमचा.

प्रश्न : मी पानात वरून मीठ घेत नाही. चहाबरोबर थोडी खारी, रात्री कधी नूडल्स आणि टीव्हीपुढे शेवेची पुडी, एवढंच. पुडीवर तर सोडियम फक्त 8 टक्के आहे. तरी वरचा आकडा 150 च्या पुढे जातो. (डोंबिवली)

‘एवढंच’ म्हणता त्यातच सगळं आलं. पुडी उलटी करा. बारीक अक्षरांत ‘सर्व्हिंग’ लिहिलेलं असतं. 8 टक्के तेवढ्याचे. सर्व्हिंग 30 ग्रॅमची आणि पुडी 150 ग्रॅमची असेल, तर पुडी संपली की दिवसाच्या मर्यादेतले 40 टक्के गेले. अर्धी मूठ खाऊन पुडीला रबर लावणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, आणि कंपन्यांनाही भेटलेला नसावा.

टक्के सोडा, 100 ग्रॅमचा रकाना बघा. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणलं की मीठ निघतं. नूडल्सच्या 100 ग्रॅमला 1000 मिलिग्रॅम सोडियम लिहिलं असेल, तर 70 ग्रॅमच्या एका पाकिटात पावणेदोन ग्रॅम मीठ आलं. बेकरीतल्या सुट्या खारीला तर लेबलच नसतं. जिभेला न कळणारा खाण्याचा सोडा आणि अजिनोमोटो यांतही सोडियम असतं.

हे गणित गिऱ्हाइकाने दुकानात उभं राहून का करायचं? चिलीत 2016 पासून मीठ जास्त असलेल्या पाकिटाच्या दर्शनी बाजूला काळा अष्टकोनी शिक्का असतो, लहान मुलालाही कळेल असा. दक्षिण आफ्रिकेत त्याच वर्षापासून पाव, चिप्स वगैरेंतल्या सोडियमला कायद्याची मर्यादा आहे. ब्रिटनमध्ये पावातलं मीठ दहा वर्षांत हळूहळू सुमारे 20 टक्क्यांनी उतरवलं; लोकांनी पाव खाणं काही सोडलं नाही. आपल्याकडे एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, 2022 मध्ये पाकिटावर दर्जाचे तारे छापण्याचा मसुदा काढला. त्यात तंतू-प्रथिनांचे गुण मिळवून खारट पदार्थालाही तारे वाढवून घेता येतात! 2024 मध्ये मीठ-साखरेचे आकडे ठळक अक्षरांत छापण्याचा प्रस्ताव आला. 2025 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दर्शनी लेबलाबाबत शिफारशी करायला तीन महिने दिले, जुलैत ते आणखी वाढवून द्यावे लागले. तोवर तुमचं बीपी थांबत नाही.

आठवडाभर सकाळ-संध्याकाळ बीपी मोजून लिहा आणि ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. पुडी बंद केली म्हणून औषध टाळू नका.

प्रश्न : ‘लो सोडियम’ मीठ आणलंय. सासऱ्यांना देऊ का? त्यांना बीपीची टेल्मिसार्टन गोळी चालू आहे. (नाशिक)

विचारल्याशिवाय अजिबात नाही. त्यात काही सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. चीनमधल्या मोठ्या चाचणीत (2021) अशा मिठाने पक्षाघात कमी झाले, हे खरं. पण किडनी कमजोर असेल, किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन अशी गोळी असेल, तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. पाकिटावरची ही सूचना मुंगीच्या अक्षरांत असते. रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून किडनीचं काम कळतं) आणि पोटॅशियम तपासून घ्या, रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा, मग ठरवा.

प्रश्न : पापड-लोणचं घरचं आहे. (सांगली)

असू दे. पापडखारही सोडियमचाच.

प्रश्न : शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून आईचं मीठ पंधरा दिवस पूर्ण बंद केलंय. वय 74. हल्ली फार गळून जाते, बोलताना गोंधळते. (अकोला)

काकूंना राहू द्या. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर या वयात रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीला उतरू शकतं. गोंधळण्याला दुसरंही गंभीर कारण असू शकतं. आईला कोणत्या गोळ्या आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही. पुढच्या अंकाची वाट बघू नका, घरी मीठ-पाण्याचे प्रयोगही नकोत. सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आईला आजच दवाखान्यात न्या.