फोटोवर चालणारे यंत्र आणि मोडायची ठेव

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक असून निफाड तालुक्यात माझी दोन एकर द्राक्षबाग आहे. माझे साडू रेडिऑनिक्सची यंत्रे विकतात. बागेचा फोटो आणि चिमूटभर माती यंत्राच्या थाळीवर ठेवून डायल लावले की ‘सूक्ष्म ऊर्जा’ वेलींपर्यंत पोहोचते, खत-फवारणीचा खर्च 30 टक्क्यांनी घटतो आणि मालही वाढतो, असे ते सांगतात. यंत्राला पेटंट आहे आणि अंतराने काही फरक पडत नाही, असेही त्यांचे म्हणणे आहे. यंत्राची किंमत 2,10,000 रुपये असून वर्षाला 18,000 रुपये शुल्क आहे. यासाठी 7 टक्के व्याजाची मुदत ठेव मोडावी का? खत-फवारणीवर माझे वर्षाला साधारण 2,30,000 रुपये जातात. एकरी दहा टन माल निघतो आणि सरासरी 35 रुपये किलो दर मिळतो.

उत्तर: आपण आकडे दिलेत हे फार बरे केले, कारण यंत्र खरे की खोटे या वादात न शिरताही त्यांच्यावरून बरेच काही ठरते. ठेव तशीच राहिली, तर 2,10,000 रुपयांचे पाच वर्षांत सुमारे 2,94,500 रुपये होतील. दर वर्षाअखेरीस भरायचे 18,000 रुपये त्याच दराने साठवले असते, तर त्यांचे आणखी सुमारे 1,03,500 रुपये झाले असते. पाच वर्षांनी असे यंत्र कोणी विकत घेईल असे मला वाटत नाही, म्हणून त्याची किंमत शून्य धरतो. म्हणजे केवळ बरोबरीत सुटण्यासाठी यंत्राने पाचही वर्षे दरवर्षी सुमारे 69,000 रुपये वाचवले किंवा मिळवून दिले पाहिजेत. आता आपल्या 2,30,000 रुपयांचे 30 टक्के काढून पाहा. ते बरोबर 69,000 येतात. साडूंचा खर्चाबाबतचा दावा शब्दशः खरा ठरला, तरी आपल्या हाती ठेवीच्या व्याजापेक्षा एक रुपयाही जास्त पडत नाही. मुदतीआधी ठेव मोडल्याचा दंड मी यात धरलेलाच नाही.

राहता राहिला माल वाढण्याचा दावा, आणि नेमका त्याचाच आकडा त्यांनी दिलेला नाही. फवारणी आहे तशी ठेवली, तर 69,000 रुपये भरून निघायला आपल्या सात लाखांच्या मालात जवळजवळ 10 टक्के वाढ व्हावी लागेल, तीही दरवर्षी. उलट फवारणी कमी करून यंत्रावर विसंबलात आणि ऑक्टोबर छाटणीनंतर पोंगा अवस्थेत, म्हणजे कोवळी फूट बाहेर येताना, पाऊस येऊन डावनी (केवडा रोग) घडांवर उतरली, तर एका हंगामात यंत्राच्या किमतीहून अधिक नुकसान होऊ शकते. मला खरी चिंता या जोखमीची आहे. 2,10,000 रुपयांचा क्रमांक त्यानंतर लागतो.

यंत्राला पेटंट आहे असेही आपण लिहिता. या कुळातील एका उपकरणाला अमेरिकेत 1949 साली पेटंट मिळाले होते. ते गॅलन हायरॉनिमस यांच्या नावावर आहे. मात्र पेटंट कल्पनेच्या नावीन्यासाठी दिले जाते आणि शेतात गुण येतो की नाही याची खात्री पेटंट कार्यालय देत नाही. पुढे 1956 मध्ये विज्ञानकथांच्या एका मासिकाचे संपादक जॉन कॅम्पबेल यांनी हायरॉनिमस यंत्रातील विद्युतमंडल (सर्किट) कागदावर नुसते शाईने काढले आणि ते चित्रही मूळ यंत्राइतकेच चालते असे जाहीर केले. हे त्यांचे म्हणणे खरे मानले, तर 2,10,000 रुपये कशाचे द्यायचे, हा प्रश्न साडूंना सौम्यपणे विचारायला हरकत नाही. रेडिऑनिक्सचे जनक सॅन फ्रान्सिस्कोचे डॉक्टर अल्बर्ट अब्राम्स आपली यंत्रे मोहोरबंद करून भाड्याने देत आणि ती उघडणार नाही असे घेणाऱ्याकडून लिहून घेत. 1923-24 मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकाने यंत्राने रोग ओळखण्याची त्यांची पद्धत तपासली. रोगजंतूंच्या कुप्या ओळखायला दिल्या असता अब्राम्स यांच्या पद्धतीने काम करणारे डॉक्टर त्या ओळखू शकले नाहीत. अशी ऊर्जा आजवर मोजमापाच्या कोणत्याही साधनाने नोंदवलेली नाही, त्यामुळे माझा कल कोणीकडे आहे हे मी लपवत नाही.

तरीही साडूंना तोंडावर नकार देणे आपल्याला जड जाणार, हे पत्रावरून दिसतेच. त्यावर उपाय त्यांच्याच दाव्यात आहे. यंत्र फोटोवर चालत असेल आणि अंतराने फरक पडत नसेल, तर बागेत काहीही ठेवावे लागत नाही. म्हणजे कोणत्या ओळीवर उपचार झाला हे बागेत काम करणाऱ्या सर्वांपासून सहज लपवता येते. खताची चाचणी घेणाऱ्याला इतकी सोय कधीच मिळत नाही.

सारखी माती, सारखे पाणी आणि सारखीच वेलसंख्या असलेल्या शेजारी-शेजारी ओळींच्या दहा जोड्या निवडा. बागेशी संबंध नसलेल्या एखाद्या जुन्या सहकारी शिक्षकाने प्रत्येक जोडीसाठी नाणे उडवून एक ओळ ठरवावी, त्या ओळींचेच फोटो आणि मातीचे नमुने साडूंकडे पोहोचवावेत आणि यादी पाकिटात बंद करून स्वतःपाशी ठेवावी. साडूंनी यंत्र स्वतःच्या घरी चालवावे आणि हंगाम संपेपर्यंत बागेत येऊ नये. खत, पाणी, विरळणी आणि फवारणी दोन्ही ओळींना अगदी सारखी द्यावी. काढणीच्या वेळी ओळीनुसार क्रेट वेगळे ठेवून वजन करा, आकडे वहीत शाईने लिहून त्याखाली आपली आणि साडूंची सही घ्या आणि मगच पाकीट फोडा. शेतातील प्रयोगांत यादृच्छिक वाटपाची ही पद्धत रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे रुजवली. आपल्याकडे पीक विम्यासाठी होणाऱ्या पीक कापणी प्रयोगातही शेत असेच निवडतात, कोणाच्या पसंतीने नाही.

निकालाची अट मात्र आधीच लेखी ठरवा. दहापैकी किमान नऊ जोड्यांत उपचाराची ओळ वजनात सरस ठरली पाहिजे, कारण यंत्र निरुपयोगी असतानाही केवळ योगायोगाने तसे घडण्याची शक्यता 1024 मध्ये 11, म्हणजे सुमारे एक टक्का आहे. आठवर समाधान मानले, तर तीच शक्यता साडेपाच टक्के होते आणि एवढ्या पैशासाठी ती मला जास्त वाटते. नऊ जोड्या जिंकूनही वजनातील सरासरी फरक 10 टक्क्यांहून कमी असेल, तर यंत्र चालते पण परवडत नाही, असाच अर्थ होईल.

या चाचणीला टॅग, वजनकाटा आणि थोडी जादा मजुरी मिळून पाच-सहा हजार रुपये पुरावेत. एका हंगामासाठी यंत्र चालवण्याचे शुल्क साडूंनी मागितले, तर तेही द्या, मात्र दहा हजारांपलीकडे जाऊ नका आणि आगाऊ रक्कम म्हणून काहीही देऊ नका. त्यांनी अटी मान्य केल्या नाहीत, तर घरात कारण सांगायला तेवढे पुरे आहे. खत-फवारणीचा खर्च कमी करणे हाच हेतू असेल, तर आधी माती आणि देठ परीक्षण करून घ्या आणि पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशींशी आपले फवारणीचे वेळापत्रक ताडून पाहा. ठेवीची मुदत संपत आली असल्यास ती एक वर्षासाठीच पुढे वाढवा, म्हणजे पुढच्या काढणीनंतर पाकिटात काय निघाले हे पाहून निर्णय घेताना दंड भरावा लागणार नाही.