शेजारच्या अंगणातला कुत्रा

प्रश्न : आमच्या रो-हाउसच्या भिंतीला लागून शेजाऱ्यांचं पार्किंग आहे. त्यांचा लॅब्रेडॉर तिथे सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत बांधलेला असतो. घरात कोणी नसतं. पाण्याचं भांडं बहुतेक वेळा उपडं पडलेलं. एप्रिल लागल्यापासून तो दुपारभर धापा टाकतो, संध्याकाळी एकसुरी भुंकत राहतो. माणसं वाईट नाहीत, म्हणून तक्रार करायला जीव धजत नाही. काय करावं?
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : कुत्रा किती तास बाहेर असतो, यापेक्षा त्या तासांत त्याला काय मिळतं ते आधी बघा. चांगल्या सावलीत, पाण्याजवळ, मोकळा फिरणारा कुत्रा दहा तास बाहेर राहून ठणठणीत असतो. चार फुटी साखळीवर उन्हात बांधलेल्या कुत्र्याला दोन तासही भारी पडतात. तेव्हा पाच-सहा दिवस सकाळ, दुपार, संध्याकाळ नजर टाका आणि तारीख-वेळेसह लिहून ठेवा.

सावली सकाळी बघून चालत नाही. नाशिक विसाव्या अक्षांशावर आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि भिंतीची सावली उरतच नाही. नऊ वाजता शेजाऱ्यांनी कुत्रा बांधला तेव्हा तिथे छान गारवा असणार, म्हणून त्यांना वाटतं की सोय झाली. जमिनीचा अंदाज घ्यायला उन्हातल्या काँक्रीटवर हाताची मागची बाजू टेकवा. पाच सेकंद सोसली नाही, तर ती जमीन कुत्र्याच्या पंजांनाही भाजते. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांना. बाकी सगळं अंग तो धापा टाकूनच थंड करतो, आणि धापा टाकताना शरीरातलं पाणी जातं. पग, बॉक्सर, शिहत्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना हेही नीट जमत नाही. त्यांना उन्हाळ्यात दुपारी बाहेर ठेवूच नये.

पाण्याचा हिशोब वजनावर करतात : किलोमागे दिवसाला साधारण ५० ते ६० मिली, म्हणजे ३० किलोच्या लॅब्रेडॉरला दीड ते पावणेदोन लिटर. कडक उन्हात याच्या दुप्पटही लागतं. भांडं उपडं होण्यात कुत्र्याचा खोडकरपणा कमी आणि साखळीचा हात जास्त असतो. तो गोल फिरतो आणि साखळी झाडूसारखी सगळं लोटत जाते. हलका स्टीलचा वाडगा टिकत नाही, शिवाय तापतो. चार-पाच लिटरची सिमेंटची कुंडी किंवा जड मातीचं परळ घ्यावं. ते साखळीच्या टोकाशी अशा जागी ठेवावं की तोंड पोचेल पण साखळी पोचणार नाही.

आता बोलायचं कसं. रविवारी सकाळी, त्यांना निवांतपणा असताना, एकट्याने जा. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकून सुरुवात केलीत की पुढचं बोलणं संपलंच म्हणून समजा. ‘तुम्ही कुत्र्याचे हाल करता’ असं न म्हणता, ‘काका, बारानंतर त्या कोपऱ्यात पूर्ण ऊन येतं, तुम्हाला ऑफिसात असल्यामुळे दिसत नसेल’ असं सांगा. सोबत नेमका तोडगा न्या : पार्किंगवर शेडनेट, जड कुंडी, दुपारी एकदा मी पाणी भरू का? बरेच मालक इथेच बदलतात. पंधरा दिवसांनी काय फरक पडला ते पुन्हा त्याच वेळांना बघा.

एक सावधगिरी. मालकाला विचारल्याशिवाय भिंतीवरून खायला टाकू नका. जिल्ह्याची दोन मानाची पिकं, द्राक्षं आणि कांदा, दोन्ही कुत्र्याला विषारी आहेत. द्राक्षं-बेदाण्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, कांद्याने तांबड्या रक्तपेशी फुटतात. कालच्या भाजीच्या रश्शातही कांदा असतोच.

सांगूनही काही हललं नाही तर कायदा आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० मधलं कलम ११(१) इथे लागू होतं. अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधणं (फ), कायम बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला फिरवण्यात हयगय करणं (ग), पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं (ह), हे सगळे गुन्हे आहेत. पण दंड ऐकून हसू येईल : पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये. तीन वर्षांत पुन्हा केला तर २५ ते १०० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि ही पोटकलमं अदखलपात्र आहेत, म्हणजे पोलीस ‘एनसी’ नोंदवतील पण दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकणार नाहीत. ‘पोलिसांनी काहीच केलं नाही’ अशी जी ओरड होते, तिचं मूळ अनेकदा इथे असतं. तरीही लेखी तक्रार द्या, कारण ठाण्यातून एक फोन गेला की घरोघरी सावल्या उगवतात. तक्रारीची एक प्रत जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीला पाठवा. घटना घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत खटला दाखल व्हावा लागतो, म्हणून जुन्या उन्हाळ्याचे फोटो उपयोगाचे नाहीत. फोटो आपल्या घरातून किंवा रस्त्यावरून काढा, त्यात कुत्रा, साखळी, भांडं आणि सावली दिसू द्या, घरची माणसं नकोत. कुत्रा सोडवून आणणं तर अजिबात नको. मग चोरीची तक्रार तुमच्यावरच होते.

प्रश्न : मीच तो ‘शेजारी’ आहे. अंबडला कंपनीत कामाला आहे, जाऊन-येऊन अकरा तास जातात. कुत्रा अंगणात बांधावा लागतो, कारण फाटकाखालून तो निसटतो. आजूबाजूचे भुंकण्याबद्दल बोलतात. व्यवस्था कशी लावू?
— पाथर्डी फाटा

उत्तर : आधी फाटक. खालची फट चार इंचांच्या आत आणा, लोखंडी पट्टी किंवा जाळी वेल्डिंग करून घ्या. फट बुजली की बांधायची गरजच बहुधा संपते, आणि खर्चही साखळी-तारेपेक्षा फारसा वाढत नाही.

तोवर बांधणं भागच असेल तर खुंटीला न बांधता पळती तार लावा. दोन मजबूत खांबांमध्ये २० ते २५ फूट अंतर, साडेसहा-सात फूट उंचीवर ५ मिमीची जीआय वायर रोप, एका टोकाला ताणायला टर्नबकल, दोन्ही टोकांना प्रत्येकी दोन-तीन वायर क्लॅम्प. तारेवर कप्पी, कप्पीला दोर. दोर एवढाच की तारेच्या मध्याखाली कुत्रा आरामात आडवा होईल. दोन्ही खांबांच्या तीन-चार फूट अलीकडे तारेवर एकेक क्लॅम्प अडसर म्हणून कसा. तो नसला की दोर खांबाला गुंडाळला जातो आणि शेवटी कुत्रा खांबाला नाक लावून उभा राहतो. दोराच्या दोन्ही टोकांना फिरती कडी हवीच, नाहीतर पीळ बसून दोर आखूड होत जातो. दोर पोचेल तिथे मोटारसायकल, कुंड्या, तुळशीवृंदावन, पायऱ्या काहीही नको. आणि कंपाउंडची भिंत त्याच्या आवाक्याच्या चांगली बाहेर असू द्या. बांधलेला कुत्रा भिंतीवरून पलीकडे उडी मारतो आणि गळफास बसतो. मरणाचं हे कारण दुर्मीळ नाही. दोर गळपट्ट्याला न अडकवता छातीच्या हार्नेसला अडकवा. गळपट्टा असलाच तर त्याखाली दोन बोटं सरकली पाहिजेत. आठवड्यातून एकदा तो काढून केसांखालची कातडी बघा. पावसाळ्यात तिथे जखम झाली की दोन दिवसांत अळ्या पडतात, आणि बाहेरून फक्त वास येतो.

निवाऱ्याला पत्र्याची पेटी करू नका. उन्हाळ्यात ती भट्टी होते आणि कुत्रा आत जात नाही. मग ‘याला आवडतच नाही’ म्हणून मोकळे! लाकूड किंवा जाड प्लायची, लॅब्रेडॉरच्या मापाला साडेतीन फूट लांब, अडीच रुंद, तीन उंच, जमिनीपासून चार-सहा इंच उचललेली पेटी पुरते. फार मोठी केली तर थंडीत अंगाच्या उबेने ती तापत नाही. तोंड पूर्वेला ठेवा, पाऊस पश्चिमेकडून येतो. छतावर पत्रा असेलच तर त्याच्या वर फूटभर पोकळी सोडून शेडनेट ताणा. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा पेंढा भरलेलं गोणपाट घाला. ओलं झालं की लगेच बदला, ओलं गोणपाट उघड्या फरशीपेक्षा वाईट.

गोचिडांचं एक लक्षात ठेवा : ते अंगावर कमी आणि भिंतीच्या भेगांत जास्त असतात. कुत्र्याला औषध दिलं पण भेगा तशाच राहिल्या तर महिन्याभरात पुन्हा तेच. भेगा सिमेंटने बुजवा. द्राक्षबागेचं फवारणीचं औषध कुत्र्याला चोळू नका. मात्रा चुकली की जीव जातो.

भुंकण्याबद्दल. वाटसरू गेला की थांबणारं भुंकणं हे राखणीचं. तासन्‌तास एका सुरात चालणारं भुंकणं एकटेपणाचं, त्याला साखळी लांब करून फरक पडत नाही. सकाळी निघण्याआधी ३०-४० मिनिटं चालवा. अंगणात चक्कर मारणं म्हणजे फिरणं नव्हे, हुंगायला रस्ता लागतो. सकाळच्या खाण्यातला थोडा भाग अंगणात विखरून ठेवा, शोधण्यात त्याचा तासभर जातो. आणि दुपारी पंधरा मिनिटं कोणीतरी यायलाच हवं : कामवाल्या मावशी, कॉलनीतला कॉलेजचा मुलगा, पैसे देऊन का होईना. ते जमणारच नसेल, तर अकरा तास रिकाम्या घरात कुत्रा पाळण्याचाच फेरविचार करावा, हे स्पष्ट सांगतो. रेबीजची वार्षिक लस आणि महापालिकेचा कुत्रा पाळण्याचा परवाना दोन्ही हाताशी ठेवा. तक्रार आली तर पहिल्यांदा हेच विचारतात.

प्रश्न : शेजारच्या मळ्यातले दोन कुत्रे रात्रभर गोठ्याबाहेर बांधलेले असतात. जवळच ऊस आहे, बिबट्या दिसल्याची चर्चा असते. कुत्रा राखणीला आहे, असं ते म्हणतात.
— मखमलाबाद

उत्तर : बांधलेला कुत्रा बिबट्यापुढे राखण करत नाही, तो त्याचं जेवण असतो. शेजारच्या अकोले परिसरात विष्ठेवरून झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा, वजनाने ३९ टक्के, निघाला. म्हणजे उघड्यावर बांधलेला कुत्रा बिबट्याला वस्तीपर्यंत बोलावतो. शेजाऱ्यांना सांगायचं ते हेच. कुत्र्यावर दया म्हणून नाही, तर अंगणात खेळणाऱ्या पोरांसाठी. रात्री कुत्रे चारी बाजूंनी आणि वरूनही बंद अशा खोलीत किंवा पिंजऱ्यात हवेत. दोन इंचांपेक्षा मोठी फट नसलेली वेल्डमेश, खाली सिमेंटचा कोबा, बाहेरून कडी. छत उघडं ठेवलेला पिंजरा निरुपयोगी, बिबट्या वरून उतरतो. भुंकण्याचा इशारा आतूनही मिळतोच. बिबट्या दिसला तर वनविभागाचा १९२६ क्रमांक.

प्रश्न : शेजारी गावाला गेले, कुत्रा गच्चीवर. दुपारी तो पडून आहे, जोरात धापा टाकतोय, लाळ घट्ट झालीय. कुलूप तोडून जावं का?
— सिडको

उत्तर : कुलूप तोडू नका. आधी मालकाला फोन करा. नातेवाइकाकडे किंवा कामवाल्या मावशींकडे किल्ली असते, तीही विचारा. कोणी सापडलं नाही तर ११२ ला फोन करून पोलिसांसमोर दार उघडा. उष्माघात असेल तर एकेक मिनिट मोलाचं. सावलीत न्या, पोट, काखा, जांघा आणि पंजे साध्या गार पाण्याने सतत भिजवत राहा आणि वर पंखा लावा. गच्चीच्या टाकीचं पाणी मे महिन्यात कढत असतं, ते वापरू नका, खालून आणा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, आतली उष्णता कोंडते. शुद्धीत असेल तर पाणी समोर ठेवा, तोंडात ओतू नका. गुदद्वारातून घेतलेलं तापमान १०३ फॅरनहाइटवर आलं की भिजवणं थांबवा, नाहीतर ते खाली घसरत जातं. कुत्रा उठून चालू लागला तरी त्याच दिवशी पशुवैद्यकांकडे न्या. मूत्रपिंडांचं आणि रक्त गोठण्याचं बिघडलेलं गणित पुढच्या एक-दोन दिवसांत उघडं पडतं. जाताना पाण्याच्या रिकाम्या भांड्याचा आणि गच्चीचा फोटो काढून घ्या.