चार्ज मिळाला, आता स्टाफला काय सांगू?

मे महिन्यात आमच्याकडं येणारी पत्रं बहुतेक अडमिशनची असतात, कुठल्या शाळेत घालू, मीडियम कुठलं घेऊ. यंदा मात्र शिकवणाऱ्यांचीच तीन पत्रं आली, म्हणून हा महिना त्यांच्यासाठीच ठेवलाय.

प्रश्न : बाई, नमस्कार. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका अनुदानित मराठी हायस्कूलमध्ये मी गणित शिकवते. आमचे एचएम, म्हणजे हेडमास्तर, रिटायर झाले आणि सीनियर म्हणून चार्ज माझ्याकडं आला. स्टाफ सगळा मिळून आठ, त्यातले दोघं मॅनेजमेंटनं घेतलेले, क्लार्क एक, शिपायाची जागा रिकामीच. शाळा सुरू व्हायच्या आधी दोन दिवस स्टाफला बोलवायचंय. चेअरमन म्हणतात बेळगावहून एखादा वक्ता आणूया, स्टाफला जरा प्रेरणा मिळेल. गेली अठरा वर्षं मी असल्या मीटिंगला मागं बसून वहीत नक्षी काढलीय, आता पुढं उभं राहायचं म्हटल्यावर पोटात गोळा येतोय. दोन दिवसांत नेमकं करू काय?

उत्तर : नक्षी काढलीय ना, मग झालं तर, मीटिंग कुठं मरते हे तुम्हाला चेअरमनपेक्षा जास्त ठाऊक हाय.

माझी गंमत सांगते. मी पहिल्यांदा एचएम झाले तेव्हा असाच वक्ता आणला होता, प्रोजेक्टर लावला, पाऊण तासात लाईट गेली तरी ते गृहस्थ अंधारात दोन तास बोलले, वर आम्ही शाल-नारळ दिला आणि कुंदा देऊन पाठवलं. आणि शाळा उघडली त्या दिवशी आठवीची पोरं साडेअकरापर्यंत व्हरांड्यात उभी, कारण अ तुकडीत कोण आणि ब तुकडीत कोण ही यादीच कुणी केली नव्हती. मी समजत होते क्लार्क करेल, क्लार्क समजत होता क्लासटीचर करतील. एक बारकी पोरगी रडत होती तिला विचारलं तर म्हणाली बाई मला वाटलं माझं नावच नाही शाळेत. तेव्हापासून मी वक्ता बोलवला नाही.

म्हणून पहिला अख्खा दिवस आठवीला द्या. आपल्या कर्नाटकात हायस्कूल आठवीपासून, म्हणजे दरवर्षी एक तृतीयांश शाळा नवी कोरी, पाच-सहा गावच्या सातवीतून आलेली, एकमेकांची तोंडं न बघितलेली. त्या गावच्या प्रायमरीच्या गुरुजी-बाईंना चहाला बोलवा, येत नसतील तर फोन लावा, दोन शिक्षकांनी गाडी काढून जाऊन यावं. मार्कलिस्ट मागू नका, ती येतेच. विचारायचं ते असं की अजून जोडाक्षराला कोण अडतं, कुणाचा बाप गोव्याला कामाला असतो आणि घरी फक्त आजी, गवळीवाड्यावरून जंगलातनं चालत कोण येणार, फळ्यावरचं कुणाला दिसत नाही पण सांगत नाही. सातवीच्या गुरुजींना हे तोंडपाठ असतंय आणि जूनमध्ये आपण तेच शोधायला दिवाळी आणतो. हे सगळं आठही जणांनी एका खोलीत बसून ऐकायचं, क्लासटीचरनं एकट्यानं नव्हे.

यंदा तर हे जास्तच गरजेचं. हिशेब करा, जून २०२६ ला आठवीत येणारं पोर २०२०-२१ ला दुसरीत होतं. दुसरी म्हणजे वाचन बसायचं वर्ष, आणि त्या वर्षी शाळाच बंद. मध्ये थोडे दिवस विद्यागम म्हणून देवळात, झाडाखाली वर्ग भरले, ते पण ऑक्टोबरात थांबले. पुढच्या वर्गात गेली पोरं, पण वाचायचं राहिलेलं काहींचं राहूनच गेलं. त्यामुळं सेतुबंध, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला मागचं राहिलेलं भरून काढायचा कार्यक्रम, खरंच करा बाई. नैदानिक चाचणी, मग शिकवणं, मग साफल्य परीक्षा, हा क्रम सगळ्यांना माहीत, पण किती ठिकाणी तो फक्त रेकॉर्डच्या फायलीत होतो हे मी सांगायला नको, मीही केलंय तसं एक-दोन वर्षं. तुम्ही एवढं करा की पहिल्या आठवड्यात प्रत्येक शिक्षकानं, पीटीच्या सरांनीसुद्धा, आठवीची ठरावीक पोरं वाटून घेऊन एकेकाकडनं एक मराठी आणि एक कन्नड परिच्छेद मोठ्यानं वाचून घ्यायचा. बाकीच्यांसमोर नको, झाडाखाली नेऊन. गणिताचं शाब्दिक उदाहरण येत नाही ते कित्येकदा गणितामुळं नसतं, वाचता येत नाही म्हणून असतं, हे तुम्हाला मी काय सांगू.

दुसरा दिवस कामाच्या वाटणीला. आणि कागदावर, सह्या घेऊन! शिपाई नाही म्हणता, मग घंटा कोण देणार? हसू नका, माझ्याकडं या एका गोष्टीवरनं दोन सीनियर महिनाभर बोलत नव्हते. किल्ली कुणाकडं, कॅटलॉग म्हणजे हजेरीपट आणि कोण कधी बाहेर गेलं ते लिहायचं हालचाल रजिस्टर कुणाकडं, प्रार्थनेला आणि नाडगीताला, म्हणजे राज्यगीताला, उभं कोण राहणार, अक्षर दासोहचं, म्हणजे सरकारी योजनेतलं दुपारचं, जेवण वाढायच्या आधी शिक्षकानं चाखून रजिस्टरला सही करायची असते तर सोमवारी कोण मंगळवारी कोण, हे सगळं वाराप्रमाणं लिहा. मॅनेजमेंटच्या दोघांवर सगळं ढकलू नका, ते नाही म्हणू शकत नाहीत म्हणून तर अजिबात नको.

सर्क्युलरचं पण ठरवा. आदेश येतात कन्नडमध्ये, ते ग्रुपवर फॉरवर्ड होतात, निम्मा स्टाफ अंगठा दाखवतो आणि वाचत कोणी नाही. फोनवर भाषांतर करून घेतलं तर तारीख तेवढी बरोबर येते, बाकी रामभरोसे. कन्नडच्या टीचरना त्यासाठी आठवड्यात एक पिरियड मोकळा ठेवा, त्यांनी चार ओळीत मराठी सारांश स्टाफरूमच्या बोर्डावर लावायचा, काय करायचं, कधीपर्यंत, कुणी. आणि हे फुकटात मागू नका, बदल्यात त्यांच्या पेपरच्या गठ्ठ्यातला थोडा भार दुसऱ्या कुणीतरी घ्यावा.

वर्षाचं प्लॅनिंग करताना तुमचा तालुका विसरू नका. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस, नाल्यावरनं पाणी गेलं की बस बंद, जुलैत सुट्टी जाहीर होतेच, शिवाय भाताची रोपं लावायला पोरं घरी थांबतात. दरवर्षी होतं आणि दरवर्षी आपण ऑगस्टमध्ये पोर्शन मागं पडला म्हणून कपाळाला हात लावतो. जुलै अर्धाच धरा. आपल्याला मोठी सुट्टी दसऱ्याला, आणि घराघरात सगळा थाट दिवाळीला, त्यामुळं दिवाळीच्या आठवड्यात शाळा चालू असली तरी हजेरी अर्धी, तिथं नवा धडा काढू नका. बसचंही सांगते, मुलींचा प्रवास शक्ती योजनेत ११ जून २०२३ पासून फुकट झालाय, पण मुलांना पास लागतो आणि त्याचा अर्ज ऑनलाईन, घरी नेट नाही, म्हणून पहिल्याच आठवड्यात एकानं शाळेत बसून सगळ्यांचे भरून टाकावेत. नाहीतर पास नाही म्हणून पंधरा दिवस गैरहजर, हे कारण मी कॅटलॉगमध्ये कितीदा वाचलंय.

दहावीबद्दल एवढंच, की २०२४ ला परीक्षेत वेबकास्टिंग, म्हणजे वर्गातल्या कॅमेऱ्यातनं थेट नजर ठेवणं, आलं आणि राज्याचा निकाल ८३.८९ टक्क्यांवरनं ७३.४० वर आला, तो पण ग्रेस मार्क देऊन. सेंटरवर कोणीतरी सांभाळून घेईल हा काळ संपला. हे स्टाफला स्पष्ट बोला, कटू वाटलं तरी.

आणखी अर्धा तास पॉक्सोला, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याला, द्या. २०१२ चा कायदा हाय, पोरीनं किंवा पोरानं काही सांगितलं तर शाळेतल्या शाळेत मिटवायचा अधिकार एचएमला नाही, कळवावंच लागतं, आणि न कळवणं हा गुन्हा. १०९८ हा चाईल्डलाईनचा नंबर प्रत्येक वर्गात लावा. इथं गप्पाटप्पा नकोत, चेअरमनसाहेबांनाही याच वेळी बसवा.

आणि त्यांना म्हणावं वक्त्याचे पैसे द्या, आठवीच्या वर्गावरचे पत्रे बदलून घेते. प्रेरणा म्हणतात ती हीच.

प्रश्न : मी निपाणी भागातल्या हायस्कूलमध्ये सायन्सला नवीन लागलोय, मॅनेजमेंटतर्फे. सगळे म्हणतात पहिल्या दिवशी कडक राहा नाहीतर पोरं डोक्यावर बसतील. खरं का?

उत्तर : कडक राहून काय करणार, सरांचं वय किती हे पोरांना पहिल्या पाच मिनिटात कळतंय. नावं पाठ करा. तीन दिवसांत अख्खा वर्ग नावानं हाक मारायला लागलात की मागच्या बाकावरचा पण सरळ बसतो, कारण तुम्ही त्याच्या बापाला ओळखता की काय ही शंका येते. दुसरं, पोरं इथनं पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, गेली की सायन्स इंग्लिशमध्ये, तिथं पहिले सहा महिने नुसती तोंडाकडं बघत बसतात. प्रकाशसंश्लेषण लिहिलं की शेजारी फोटोसिंथेसिस लिहा, आठवीपासून, वहीच्या मागच्या पानावर यादी वाढू द्या. हे जूनमध्ये सुरू केलं तरच होतं, दहावीला वेळ कुणाला असतो. आणि टाइम टेबलमध्ये जेवणानंतरचे सगळे पिरियड तुम्हालाच आले असतील तर मीटिंगमध्येच बोला, नंतर स्टाफरूममध्ये कुरकुरून उपयोग नाही.

प्रश्न : मी चिकोडीकडं एका हायस्कूलमध्ये क्लार्क हाय. स्टाफ ट्रेनिंगमध्ये क्लार्कला कोण विचारत नाही, पण जूनमध्ये सगळी झुंबड माझ्याच टेबलावर. काय मागू एचएमकडं?

उत्तर : एक शिक्षक मागा, पहिल्या आठवड्यासाठी, रोज दोन तास. टीसीसाठी रांग लागते तिथं नव्हे, नावांसाठी. आपल्याकडं नाव आई मराठीत सांगते, कुणीतरी कन्नडमध्ये लिहितं, सॅट्समध्ये, म्हणजे सरकारच्या विद्यार्थी नोंदीच्या ऑनलाईन सिस्टिममध्ये, इंग्लिशमध्ये जातं, आणि ज्ञानेश्वरचं काय काय होतं ते तुम्ही बघितलंच असेल. आठवीच्या अडमिशनलाच पालकांना समोर बसवून जन्मदाखला, आधार आणि आधीच्या शाळेची नोंद तिन्ही जुळवून बघा, आणि बरोबर असेल तरच सही घ्या. फरक दिसला तर तेव्हाच अर्ज करायला लावा. दहावीच्या मार्क्सकार्डावर चूक गेली की मग पालक, वकील, अफिडेव्हिट आणि पुन्हा तुमचंच टेबल. हो, आणि रांगेतल्यांसाठी व्हरांड्यात दोन बाकं टाकून घ्या, पाऊस असतोय.